शस्त्राचा हक्क आणि बहुमताची मर्यादा
(घटनासमितीतील एका वादाचे परीक्षण)

आपल्याकडे परीक्षण म्हटले म्हणजे काव्य, नाटक, कादंबरी आणि फार तर एखादे चरित्र एवढ्यांचाच विचार करण्याची वहिवाट पडली आहे. ज्या लेखनाने कोट्यवधी माणसांच्या नित्याच्या व्यवहारांची चौकट आखून दिली, ते मात्र वकिलांच्या कपाटात धूळ खात पडते. घटनासमितीच्या चर्चेचे खंड हे अशा उपेक्षित लेखनापैकी होत. त्यांत वक्तृत्व आहे, विनोद आहे, क्वचित रुसवेफुगवेही आहेत. आणि मुख्य म्हणजे एकाचा विचार दुसऱ्याच्या विचारावर घासला जात असता त्यातून काय निष्पन्न होते हे पाहण्याची जी संधी नाट्यरसिक शोधीत असतो, ती येथे पानोपानी मिळते. प्रस्तुत लेखात सातव्या खंडातील एकाच प्रसंगाचे परीक्षण करण्याचा आमचा विचार आहे. १९४८ च्या डिसेंबरच्या आरंभी मसुद्यातील तेराव्या, म्हणजे आजच्या एकोणिसाव्या, कलमावर चर्चा चालू असता हरि विष्णु कामत यांनी अशी उपसूचना मांडली की, नागरिकांच्या मूलभूत हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घालावा. सभेने ती फेटाळली. वाद लहान आहे. थोड्या पानांत संपतो. परंतु त्यात गुंतलेला प्रश्न लहान नाही. राज्य बहुमताच्या हाती आल्यावर, अल्पमतात असलेल्या माणसाने आपल्या रक्षणाकरिता कशावर विसंबावे? हातातील शस्त्रावर, की कागदावरील कलमावर? वसईसारख्या गावी बसून हे खंड वाचणाऱ्यास तर हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. का ते पुढे येईलच.

कामतांची मागणी आकाशातून पडलेली नव्हती. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे त्यानुसार गुन्हा ठरला. आणि त्याखालील नियमांनी युरोपियनांस मात्र या जाचातून मोकळे ठेवले. बंदूक गेली यापेक्षा ती कोणाच्या हातून गेली आणि कोणाच्या हाती राहिली, हे लोकांच्या मनास अधिक झोंबले. त्यामुळे काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रार चालू झाली. १९२८ च्या नेहरू अहवालात मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातलेला आहे. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे जी अकरा कलमे ठेवली, त्यांतील शेवटचे कलम स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने मिळावेत असे आहे. १९३१ च्या कराची ठरावातही हा हक्क आहेच. अहिंसेच्या आचार्याने बंदुकीचा परवाना मागावा यात कित्येकांस विसंगती दिसते. बारकाईने पाहता ती दिसत नाही. गांधीजींच्या त्या कलमात परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली असावेत ही अट आहे. शस्त्र टाकणे हे ज्याच्या हाती शस्त्र आहे त्यालाच शोभते. ज्याच्या हातातून ते हिसकावून घेतले, त्याची अहिंसा ही निरुपायाची असते. तेव्हा मागणीचा खरा रोख बंदुकीवर कमी आणि मानहानीवर अधिक होता. ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढील वादाचे मर्म उलगडते.

कामत हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील नोकरी सोडून राजकारणात आलेले आणि सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकात काम केलेले गृहस्थ. घटनासमितीत ते मध्यप्रांत-वऱ्हाडातून आले होते. घटनासमितीच्या खंडांत त्यांचे नाव इतक्या वेळा येते की, उपसूचना मांडणे हा त्यांचा स्वभावधर्मच असावा असे वाटते. या उपसूचनेतही त्यांनी बेताल मागणी केलेली नव्हती. हक्क द्यावा, आणि सार्वजनिक शांततेसाठी त्यावर निर्बंध घालण्याची मुभा राज्यास ठेवावी, अशी तिची रचना होती. त्यांचा आधार मुख्यतः वचनाचा होता. परकीयांपाशी आपण जे मागत होतो, ते स्वकीयांच्या राज्यात आपणच आपल्यास का देऊ नये? हा युक्तिवाद साधा आहे, पण साधेपणातच त्याचे बळ आहे. सत्ता हाती येताच माणसे आपलेच ठराव विसरतात, हा इतिहासाचा अनुभव कामतांच्या बाजूने उभा होता.

डॉ. आंबेडकरांनी दिलेले उत्तर तीन पदरी आहे, आणि त्याचे तिन्ही पदर वेगवेगळे उकलून पाहिल्याखेरीज त्याची योग्यता ठरविता येणार नाही. पहिला पदर असा की, काँग्रेसने असे ठराव केले हे खरे, परंतु ज्या परिस्थितीत ते झाले ती आता पालटली आहे. परकीय सरकार लोकांस निःशस्त्र करीत होते ते शांततेसाठी नव्हे. जितांनी जेत्यांविरुद्ध उठू नये यासाठी. ते कारण गेले, म्हणून मागणीही गेली. दुसरा पदर कायद्याचा आहे. कामतांनी निर्बंधाची मुभा ठेवली आहे खरी. पण नियमन करणे म्हणजे अटी घालणे, आणि अटी कितीही घातल्या तरी त्यांनी मूळ हक्क नाहीसा करता येत नाही. हक्क एकदा मूलभूत झाला की, कोणीही बाजारात जाऊन शस्त्र विकत घेऊ लागेल आणि राज्य चालविणे अशक्य होईल. तिसरा पदर असा की, आपण आग्रह धरावयाचा तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नसून कर्तव्याचा. देशावर संकट आले असता प्रत्येक नागरिकास शस्त्र धरावयास बोलाविण्याचा अधिकार राज्यास असावा, आणि तो मसुद्यात सक्तीच्या सेवेविषयीच्या तरतुदीने राखलेलाच आहे.

यांपैकी दुसरा पदर सर्वांत मजबूत आहे. बॅरिस्टराची दृष्टी येथे पूर्णपणे दिसून येते. मूलभूत हक्क म्हणजे न्यायालयात जाऊन वसूल करता येणारे येणे; ते लिहून देण्यापूर्वी देणेकऱ्याने आपली तिजोरी पाहावी हे रास्तच आहे. फाळणीच्या रक्तपातास तेव्हा पुरते दीड वर्षही लोटले नव्हते. गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला तर दहाच महिने झाले होते. अशा घडीला घराघरात बंदूक नेण्याचा हक्क घटनेत लिहावा असे म्हणण्यास कामतांइतके धाडस हवे. आणि ते नाकारण्यास विशेष धाडस लागत नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

तिसरा पदर चमकदार आहे, पण तो उत्तर देत नाही. कामत विचारीत होते की, सामान्य माणसाने चोरापासून, दंगेखोरापासून आणि प्रसंगी सरकारपासून आपले रक्षण कसे करावे. आणि त्यांस सांगण्यात आले की, सरकारचे रक्षण करण्यासाठी तुम्हांस बोलाविण्यात येईल. हक्काच्या प्रश्नास कर्तव्याचे उत्तर देणे हा सभा जिंकण्याचा जुना मार्ग आहे. सभा जिंकली जाते. प्रश्न मात्र होता तेथेच राहतो.

पहिल्या पदराविषयी आम्हांस सर्वांत अधिक शंका वाटते. परके सरकार गेले, आता आपले आले, म्हणून त्याच्याविरुद्ध संरक्षणाची गरज उरली नाही, हे विधान डॉ. आंबेडकरांच्या मुखी थोडे अनपेक्षित आहे. बहुमत हेही अल्पमतास परके होऊ शकते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? १९४७ साली त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने जे निवेदन घटनासमितीसाठी तयार केले, त्याचा सारा भर याच भयावर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सभेपुढे ठेवताना त्यांनी घटनात्मक नीतीची जी गोष्ट सांगितली, तीही ही नीती आपल्या भूमीत उपजत नाही, ती जोपासावी लागेल, अशी होती. असे असता, केवळ राज्य स्वकीयांचे झाले म्हणून भयाचे कारण संपले असे म्हणणे त्यांच्याच विचाराशी जुळत नाही. आमच्या मते त्यांचे खरे उत्तर या भाषणात नाहीच. ते त्याच चर्चेत दुसऱ्या एका ठिकाणी, एका शब्दात, दडलेले आहे.

त्या शब्दाकडे वळण्यापूर्वी तयार झालेल्या घटनेवर एक दृष्टी टाकावी. सैन्याच्या उल्लेखांची गोष्ट सोडली, तर नागरिकाच्या हातातील शस्त्र आपल्या घटनेत कोठे कोठे येते? एकोणिसाव्या कलमात सभा भरविण्याचा हक्क आहे, पण तो शांततेने आणि शस्त्रांवाचून. पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणास मान्यता आहे. ती शस्त्र म्हणून नाही, धर्माचे अंग म्हणून आहे. आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीच्या कलमात 'अंतर्गत अशांतता' या सैल शब्दांऐवजी 'सशस्त्र उठाव' हे शब्द घातले. म्हणजे एके ठिकाणी शस्त्र वगळलेले आहे, दुसऱ्या ठिकाणी श्रद्धेच्या आवरणात आहे, आणि तिसऱ्या ठिकाणी ते राज्यावरचे संकट म्हणून आहे. स्वसंरक्षणाचे साधन म्हणून ते कोठेही नाही. ती बाब साध्या कायद्याकडे सोपविली गेली. १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला व १९६२ पासून तो अमलात आला. परवाना नाकारला तर कारण लेखी नोंदवावे आणि बहुतेक निर्णयांवर अपील असावे, ही सोय त्याने केली. कोडगूच्या कोडव लोकांस परवान्यातून मिळत आलेली सूट मात्र इंग्रजी अमलापासून आजतागायत चालू आहे. तिची मुदत २०२९ पर्यंत आहे. पुढे २०१९ मध्ये एका माणसास बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली गेली. हे सर्व साध्या बहुमताने झाले, आणि त्यामुळे कोणाच्या मूलभूत हक्कावर घाला पडला असे म्हणता येत नाही.

याच्या अगदी उलट चित्र अमेरिकेत दिसते. तेथे १७९१ साली दुसरी घटनादुरुस्ती होऊन शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला. त्यापूर्वी १७८८ मध्ये मॅडिसनने असा विचार मांडला होता की, मध्यवर्ती सरकार जुलमी झालेच, तर घटकराज्ये आणि त्यांतील सशस्त्र प्रजा त्यास आवर घालील. हा हक्क व्यक्तीचा की नागरी सेनेचा, याचा वाद दोन शतके चालला. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा ठरविला. आता तो काढून टाकावयाचा तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते आणि पन्नासांपैकी अडतीस राज्यांची मान्यता लागते. तेरा राज्ये अडून बसली की सारे थांबते. बहुमताच्या लहरीपासून हक्काचे रक्षण करण्याची ही व्यवस्था पाहून कोणासही वाटेल की, अल्पमताचे याहून चांगले रक्षण ते काय व्हावयाचे? परंतु इतिहास असे सांगत नाही. १८६५ साली गुलामगिरी नष्ट झाली, त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने कायदा करून मुक्त झालेल्या काळ्या लोकांस परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची मनाई केली. हक्क घटनेत होता, पण बंदुका बहुमताच्या हाती होत्या, आणि कोणाच्या हाती त्या असू द्यावयाच्या हे ठरविणारेही बहुमतच होते. शस्त्राचा हा स्वभाव ओळखला पाहिजे. जेथे संख्या मोठी, तेथे शस्त्रेही मोठ्या संख्येनेच जमतात. अल्पमताने शस्त्राचा खेळ मांडला, तर तो बहुमताला अनुकूल असलेल्या पटावरच मांडला जातो.

हाच धडा वसईच्या वाचकास आपल्या अंगणातच सापडेल. १७३९ च्या मे महिन्यात, तीन महिन्यांच्या निकराच्या वेढ्यानंतर, चिमाजी अप्पांपुढे वसईचा किल्ला उतरला. पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रांसह, नगारे वाजवीत, निशाणे फडकावीत बाहेर पडण्याची मोकळीक तहाने मिळाली. त्याच तहात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मुभाही होती. शस्त्रे ज्यांच्या हाती होती ते जहाजांत बसून निघून गेले. जे राहिले त्यांच्या हाती एक कलम होते. आज किल्ल्यातील पोर्तुगीजांची देवळे ओस पडून त्यांच्या भिंतींवर पिंपळ माजले आहेत. आणि किल्ल्याबाहेर, गावोगाव, त्या रयतेच्या वंशजांची देवळे नांदती आहेत. शस्त्राने राखलेले गेले आणि कलमाने राखलेले राहिले, असा सरळ सिद्धान्त काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कलम लिहिले गेले ते जेत्याच्या दरबारात, आणि ते पाळले गेले ते जेत्याच्या शब्दावर. जेता शब्दास जागला नसता, तर त्यास जाब विचारणारे कोणी नव्हते. घटना म्हणजे काय, याचे उत्तर या उणिवेत आहे. कलम देणाऱ्यास जाब विचारणारा कोणी तिसरा असणे, हेच तह आणि घटना यांतील अंतर होय.

आता त्या शब्दाकडे येऊ. कामतांची उपसूचना ज्या चर्चेत पडली, त्याच चर्चेत पंडित ठाकुरदास भार्गव यांची एक लहानशी उपसूचना मान्य झाली. सभा, संघ, संचार, धंदा या हक्कांवर राज्याने घालावयाच्या निर्बंधांस 'वाजवी' हे विशेषण लावावे, इतकीच ती होती. भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांस हे विशेषण पुढे १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीत मिळाले. वरवर पाहता ही व्याकरणाची बाब. एक विशेषण वाढले. पण ते वाढल्यामुळे निर्बंध योग्य की अयोग्य हे ठरविण्याचा अधिकार निर्बंध घालणाऱ्याच्या हातून निघून न्यायाधीशाच्या हाती गेला. विधिमंडळातील बहुमताने केलेला कायदा, केवळ बहुमताने केला म्हणून, वाजवी ठरत नाही. त्याला कारण द्यावे लागते, आणि ते कारण पटते की नाही हे दुसरा कोणी पाहतो. एकटादुकटा नागरिक त्या शब्दाच्या बळावर साऱ्या विधिमंडळास प्रश्न करू शकतो. कामतांनी मागितलेली बंदूक हे करू शकली नसती. डॉ. आंबेडकरांनी भार्गवांची ही उपसूचना स्वीकारली, आणि आमच्या मते कामतांस दिलेले त्यांचे खरे उत्तर तेच आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ डिसेंबर रोजी, सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याच्या कलमास त्यांनी घटनेचे हृदय आणि आत्मा मानले. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे अर्थ लागतो: शस्त्र नाही, त्याऐवजी जाब विचारण्याची जागा.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या प्रसिद्ध भाषणात या व्यवहाराची दुसरी बाजू आली. सनदशीर मार्ग मोकळे झाले असता रक्तरंजित मार्ग तर सोडावेतच, पण कायदेभंग आणि सत्याग्रहही सोडावेत, असे त्यांनी सांगितले. हा उपदेश नेहमी एकांगी उद्‌धृत होतो. त्यात एक अट आहे, ती कोणी वाचीत नाही: मार्ग मोकळे असले पाहिजेत. नागरिकाने शस्त्र टाकावे आणि सत्याग्रहही टाकावा, तर त्याबदल्यात दार उघडे असावे, आणि दाराआड ऐकणारा असावा. हा करार आहे. एका पक्षाने आपली बाजू पाळली, तर दुसऱ्यावर ती पाळण्याचे बंधन येते.

दुसऱ्या पक्षाने ती पाळली का? निखालस होय असे उत्तर देता येणार नाही, आणि निखालस नाही असेही देता येणार नाही. घटना बदलण्याचा अधिकार ज्या ३६८ व्या कलमाने दिला, त्यात सभागृहाच्या एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांत दोनतृतीयांश, एवढेच मागितले आहे. काही बाबींत निम्म्या राज्यांची मान्यता लागते. अमेरिकेच्या मानाने हे कुंपण ठेंगणे आहे. एकाच पक्षास मोठे यश मिळाले की ते ओलांडता येते. म्हणून २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी असे ठरविले की, संसदेस घटनेत दुरुस्ती करता येईल, पण तिची मूळ चौकट मोडता येणार नाही. महाराष्ट्राचे ॲडव्होकेट जनरल सीरवाई हे या मताविरुद्ध लढले आणि मुंबईचेच पालखीवाला त्याच्या बाजूने. दोघांची विद्वत्ता तोलामोलाची होती. सीरवाईंचा आक्षेप, की लोकांनी न निवडलेल्या न्यायाधीशांनी लोकांनी निवडलेल्यांस अडवावे कोणत्या अधिकाराने, आजही निरुत्तर झालेला नाही. सहा विरुद्ध सात या मतांत एका मताचे अंतर होते. बहुमताची मर्यादाही शेवटी बहुमतानेच ठरली, हा यातला विनोद कोणाच्याही ध्यानात येईल. पुढे तीनच वर्षांनी, १९७६ मध्ये, आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांस न्यायालयात दाद मागता येणार नाही असे त्याच न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरविले. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध उभे राहिले. जाब विचारण्याची जागा त्या दिवशी बंद झाली. ती पुन्हा उघडली ती बंदुकीने नव्हे. १९७७ च्या मतपेटीने आणि नंतरच्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने. कामतांच्या पक्षास येथे म्हणता येईल की, निवडणूक घेण्याची बुद्धी सत्ताधाऱ्यांस झाली म्हणून निभावले. हे म्हणणे खोटे नाही. पण त्या एकवीस महिन्यांत घरोघर बंदुका असत्या तर काय झाले असते, याचा विचार केला असता आमचे मन त्या पक्षाकडे झुकत नाही.

दिल्लीच्या या मोठ्या गोष्टी झाल्या. परंतु कराराची खरी पारख लहान जागी होते. आणि म्हणून शेवटी पुन्हा वसईस येणे प्राप्त आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. या गावांत केळीच्या बागा होत्या, पानमळे होते, फुलांच्या वाड्या होत्या, आणि आपापल्या ग्रामपंचायती होत्या. कित्येक गावांतून कडवा विरोध झाला. उपोषणे झाली, मोर्चे निघाले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत या विरोधाचे पुढारी विवेक पंडित वसईतून निवडून आले. ३१ मे २०११ रोजी शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. तीस न्यायालयात आव्हान मिळाले आणि वाद वर्षानुवर्षे लांबला. २०११ च्या जनगणनेत या महानगराची वस्ती १२ लाख २२ हजारांवर होती. तीपुढे वाड्यांतील माणसे मूठभर. त्या मोठ्या संख्येस आम्ही दोष देत नाही. विरार-नालासोपाऱ्याच्या चाळींत राहणाऱ्यासही नळास पाणी हवे, रस्ता हवा, आणि त्यासाठी मोठी व्यवस्था हवी. त्याची गरज वाडीवाल्याच्या गरजेइतकीच खरी आहे. प्रश्न गरजेचा नाही. कोणी कोणास विचारावयाचे, हा आहे.

येथे घटनेचा पाठ पुन्हा काळजीपूर्वक वाचला पाहिजे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेल्या २४३ क्यू या कलमात, एखादे क्षेत्र महानगर ठरविताना राज्यपालांनी काय पाहावे हे सांगितले आहे: लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक महसूल, शेतीबाहेरील रोजगार, आर्थिक महत्त्व, आणि इतर गोष्टी. तेथील लोकांची संमती या यादीत नाही. तिच्याच जोडीने झालेल्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामसभेस घटनेत स्थान दिले. पण ती ग्रामसभा उद्या असावी की नसावी याविषयी तिचे मत घेण्याचे बंधन कोठेच घातले नाही. महापालिकेच्या कायद्यात हरकती मागविण्याची सोय आहे, हे खरे. पण हरकत नोंदवून घेणे निराळे आणि संमती घेणे निराळे. शिवाय ठाणे जिल्ह्यातील कल्याण महापालिकेच्या हद्दीविषयीच्या खटल्यात, १९८९ साली, सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की, अशी हद्द ठरविणे हे कायदे करण्याच्या जातीचे काम असल्यामुळे तेथे नैसर्गिक न्यायाचा नियम लागू पडत नाही. म्हणजे जो 'वाजवी' शब्द सभेच्या, संघाच्या, धंद्याच्या हक्कास मिळाला, तसा एकही शब्द गावाच्या अस्तित्वास मिळालेला नाही. वसईच्या गावांपाशी शस्त्रे नव्हती, आणि त्यांनी ती मागितलीही नाहीत. त्यांनी मत दिले, अर्ज दिले, उपोषण केले, न्यायालयाची पायरी चढली. कराराची आपली बाजू त्यांनी पाळली. समोरची बाजू मात्र त्यांस तारखेमागून तारीख देत राहिली. आणि वाडीच्या शेजारी इमारत उभी राहिली म्हणजे पुढे निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी जमीन परत वाडी होत नाही. विलंब हा बहुमताचा सर्वांत स्वस्त विजय आहे. त्यासाठी मतदानही करावे लागत नाही.

तेव्हा या वादावर निर्णय द्यावयाचा तर आम्ही असा देऊ. कामतांची उपसूचना फेटाळली गेली हे योग्य झाले. तिने अल्पमताचे रक्षण झाले नसते, बलिष्ठाचे बळ मात्र वाढले असते. पण कामतांचा प्रश्न फेटाळला जाऊ नये. आपल्याच राज्यात आपल्याच बहुमतापासून रक्षण कसे व्हावयाचे, हा तो प्रश्न आहे, आणि परिस्थिती पालटली एवढे म्हणून तो मिटत नाही. त्याचे उत्तर बंदुकीत नसून शब्दांत आहे, असे आम्ही मानतो. मात्र ते शब्द प्रत्यक्ष लिहिलेले असले पाहिजेत. ज्यांच्या गावाचे नाव, सीमा आणि सत्ता एका अधिसूचनेने जाणार आहे, त्यांच्या ग्रामसभेची संमती घ्यावी, आणि ती न घेता निर्णय केल्यास त्याचे कारण लेखी देऊन ते न्यायालयात ठराविक मुदतीत तपासले जावे, इतका बदल २४३ क्यू या कलमात झाला तर तो शंभराहून अधिक घटनादुरुस्त्यांच्या गर्दीत उठूनही दिसणार नाही. बंदुकीचा परवाना नाकारताना अधिकाऱ्यास कारण लिहावे लागते. गाव नाहीसे करताना त्याहून कमी लिहावे लागावे, ही गोष्ट घटनासमितीच्या त्या सातव्या खंडातील वक्त्यांस, कामतांस तशीच डॉ. आंबेडकरांसही, रुचली नसती, अशी आमची खात्री आहे.

हे खंड आता कोणासही सहज वाचावयास मिळतात. ते कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरते ठेवू नयेत. त्यांत हरलेल्या उपसूचनाही जशाच्या तशा छापलेल्या आहेत, आणि त्यांचे वाचन जिंकलेल्या कलमांच्या वाचनाइतकेच उपयोगाचे आहे; कारण बहुमताने काय ठरविले हे कलमांवरून कळते, पण काय ठरवावयाचे राहून गेले हे हरलेल्यांच्या भाषणांवरूनच कळते.